खुर्ची पैलतीरी नेताना

सासूबाईंनी "मी माझ्या खुर्चीशिवाय कुठेही जायची नाही," असं जाहीर केलं तेव्हा अप्पा दाढी करत होते. निम्मा चेहरा साबणात असल्यामुळे त्यांना लगेच काही बोलता आलं नाही. त्यांनी तेव्हाच "बरं, मग नका जाऊ," असं म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्यांच्या बायकोचं आजही मत आहे. अप्पांचं म्हणणं असं की साबण तोंडात जाण्याचाही काही विचार माणसाने करायचा की नाही?

त्या हिवाळ्यात सासूबाईंनी धाकट्या मुलीकडे राहायचं असं दोघी बहिणींनी परस्पर फोनवर ठरवलं होतं. धाकटी राहायची तलावाच्या पलीकडे. आता तलाव म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे बदकं वगैरे येतील, तर तसा तो तलाव नव्हता. स्वच्छ हवेतसुद्धा पलीकडचा काठ म्हणजे कोणीतरी पेन्सिलीने रेघ ओढून ती अर्धवट खोडावी, तसा दिसायचा. रस्त्याने जायचं तर अख्खा वळसा घालून दिवस मोडायचा. आणि खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नव्हती. लोखंडी सांगाडा, आत स्प्रिंगांचं जंगल, वर जाड हिरवं कापड, आणि हात एवढे रुंद की एकावर चहाचा कप राहावा आणि दुसऱ्यावर मांजराने झोपावं.

बसवाल्याने खुर्चीचं माप ऐकूनच फोन ठेवला. टेम्पोवाला जरा माणसांत होता. तो घरी येऊन खुर्चीला चक्कर मारून म्हणाला, "बाई नेतो, खुर्ची नाही. नाहीतर खुर्ची नेतो, बाई नाही. दोन्ही एकदम नाही."

"का पण?" अप्पांनी विचारलं.

"तसं आहे ते," टेम्पोवाला म्हणाला आणि निघून गेला.

मग आला साडूंचा फोन. अप्पांचे साडू आयुष्यभर एका जहाज कंपनीच्या हिशेब विभागात होते. जहाज त्यांनी पाहिलं ते कॅलेंडरवर. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी तलावाकाठी घर घेतलं, एक छोटी मोटारबोट घेतली आणि सोनेरी काठाची पांढरी टोपी घेतली. तेव्हापासून सगळे त्यांना कप्तान म्हणायचे. सुरुवात थट्टेने झाली होती, पण कप्तानांनी ती मनावर घेतली.

"अप्पा, तुम्ही यात पडू नका," कप्तान म्हणाले. "हवा सुधारली की मी माझ्या बोटीने येऊन खुर्ची नेईन. पाणी हे तुमचं काम नव्हे."

अप्पांनी फोन हळूच खाली ठेवला. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती. शहरातला एकही नळ असा नव्हता की ज्याची फाईल कधी ना कधी त्यांच्या टेबलावरून गेली नव्हती.

"पाणी माझं काम नव्हे?" ते बायकोला म्हणाले. "मग इतकी वर्षं मी काय दूध वाटत होतो?"

"अहो, ते नळाचं पाणी."

"पाणी ते पाणी. आपण बोटीने जाणार. आई, खुर्ची, सगळं घेऊन. मी स्वतः चालवणार."

सासूबाईंना ऐकू कमी यायचं. त्या खुर्चीतून म्हणाल्या, "काय ठरलं?"

"खुर्ची बोटीने न्यायची!" अप्पा ओरडले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चहाचा कप उचलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. अप्पांनी याचा अर्थ कौतुक असा घेतला.

बातमी जिन्यावरून खाली उतरायला वेळ लागला नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर छत्री घेऊनच आले. ते बाहेर ऊन असलं तरी छत्री घेऊनच यायचे. "पानगळीच्या दिवसांत हा तलाव सकाळी साधा असतो आणि दुपारी बिथरतो," ते म्हणाले. "तेव्हा पहाटे निघा." वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटने सांगितलं की पहाटे धुकं असतं, तेव्हा दुपारीच निघा, आणि निघण्यापूर्वी पाच मिनिटं त्याच्यापाशी बसा. यावर पोस्टमास्तर म्हणाले की दुपारी निघणारा माणूस संध्याकाळी सापडत नाही. एजंट म्हणाला, पहाटे निघणारा तर दुपारीच सापडत नाही. दोघांचं जुंपलं. दोघांचाही मान राखावा म्हणून अप्पांनी मधली वेळ काढली, म्हणजे उशिराची सकाळ. त्यामुळे पुढे त्यांना धुकं आणि वारा, दोन्ही मिळालं.

त्याआधी परवाना काढायचा होता. धक्क्याच्या कचेरीत एकच खिडकी उघडी होती आणि तिच्यामागे एक कारकून बसला होता.

"पोहता येतं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तसं म्हणजे..." अप्पा म्हणाले.

"येत असलं तर दाखला लागेल. येत नसलं तर परवाना मिळत नाही."

"दाखला कोण देतं?"

कारकुनाने भिंतीवरचा पिवळा पडलेला कागद वाचून दाखवला. पाण्याशी संबंधित कुठल्याही सरकारी खात्याचा आजी वा माजी अधिकारी. अप्पांनी तो कागद स्वतः पुन्हा एकदा वाचून पाहिला. कारण असा अधिकारी त्यांच्या ओळखीत एकच होता, आणि तो म्हणजे ते स्वतः. ते कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. सदसद्विवेकबुद्धी आणि कप्तानांची टोपी यांच्यात काही वेळ झटापट झाली. टोपी जिंकली. "अर्जदारास पाण्याची पुरेशी माहिती आहे" असं लिहून त्यांनी खाली सही केली. मजकूर खोटा नव्हता. पाण्याचा दाब, गळती, थकबाकी, कशाचीही माहिती विचारा. अर्जदाराची आणि अधिकाऱ्याची सही हुबेहूब एक होती, पण कारकुनाने दोन्हींवर शिक्का मारला आणि खिडकी लावून घेतली.

बोट भाड्याने देणारा माणूस भयंकर घाईत होता. बोट रुंद, जुनी, मासळीचा वास मुरलेली. मागे इंजिन आणि त्याला एक दांडा. चौघा हमालांनी खुर्ची बोटीच्या पुढच्या भागात दोरांनी आवळून बांधली. तोंड मात्र मागे झालं, म्हणजे अप्पांकडे. उलटी करून बांधा म्हटल्यावर हमाल म्हणाले, एकदा बांधली ती बांधली.

"हे बघा," बोटवाला म्हणाला, "दांडा डावीकडे केला की बोट उजवीकडे जाते. उजवीकडे केला की डावीकडे."

"उलट का?"

"तसं आहे ते."

अप्पांना टेम्पोवाल्याची आठवण झाली. हे सगळे एकाच शाळेत शिकले असावेत.

"आणि ही दोरी ओढली की इंजिन सुरू. आणि हा जो खटका आहे ना, याला मात्र चुकूनही..." इतक्यात कचेरीतून कोणीतरी बोटवाल्याला हाक मारली आणि तो "आलो आलो" करत धावला. तो परत आला नाही. खटक्याचं काय करायचं नाही, हे अप्पांना आजतागायत कळलेलं नाही. प्रवासभर ते त्या खटक्यापासून एक गुडघा लांब धरून बसले.

सासूबाई खुर्चीत बसल्या. अंगावर दोन शाली, मांडीवर पर्स, डोक्याला स्कार्फ. बायको मधल्या फळीवर डब्याची पिशवी घेऊन बसली. त्याच फळीवर अप्पांनी मोठ्या ऐटीत होकायंत्र ठेवलं. ते त्यांनी खास स्टेशनरीच्या दुकानातून आणलं होतं. पलीकडचा काठ बरोबर उत्तरेला. सुई पुढे, आपण पुढे. यात चुकायला जागाच कुठे होती?

सुरुवात तर झकास झाली. काठावरून पोस्टमास्तरांनी छत्री हलवली. काठावरच्या झाडांची पिवळी पानं वाऱ्याबरोबर उडत येऊन पाण्यावर पडत होती, इंजिन फटफटत होतं, आणि अप्पांच्या मनात कप्तानांच्या अंगणात उतरण्याचा प्रसंग रंगत चालला होता. "अरे, तुम्ही आलात?" "हो, आलो. सहज. पाणी जरा खवळलेलं होतं, पण काही विशेष नाही." हे वाक्य ते मनात घोळवत असतानाच मागचा काठ धुक्यात गेला आणि पुढचा दिसेना. मग वारा सुटला. आधी शालीशी खेळला, मग स्कार्फशी, आणि मग त्याने सरळ बोटच धरली. लाटा एका दिशेने येत्या तर माणसाने त्यांच्याशी काही बोलणं तरी केलं असतं. त्या सगळीकडून येत होत्या. बोट नाक वर करायची, सासूबाई खुर्चीसकट आभाळात जायच्या, आणि मग खाली येऊन अप्पांच्या समोर थडकायच्या. अप्पांना सबंध संसारात सासूबाई इतक्या वेळा वरून खाली येताना दिसल्या नव्हत्या.

"डावीकडे घ्या!" सासूबाई ओरडल्या. "लाट येतेय!"

त्यांचं तोंड अप्पांकडे, म्हणजे त्यांची डावी ती अप्पांची उजवी. शिवाय दांडा उलटा. अप्पांनी घाबरून दांडा डावीकडे लोटला, आणि बोट नेमकी सासूबाईंच्या डावीकडे वळली. दोन गोंधळांनी एकमेकांना खाऊन टाकलं होतं.

"बरोब्बर!" सासूबाई म्हणाल्या.

अप्पांना हे कसं जमलं ते समजलं नाही. पुढच्या वेळी त्यांनी नीट विचार करून दांडा वळवला आणि अख्खी लाट बोटीत घेतली. डबा भिजला. बायको डब्याचं झाकण काढून त्याने पाणी उपसू लागली.

"आपण नक्की सरळ जातोय ना?" तिने विचारलं.

"सुई बघ! केसभर हललेली नाही. इतकं सरळ तर कप्तानसुद्धा चालवत नसतील."

आणि खरंच, सुई जागची हलत नव्हती. बोट कशीही वळो, लाट कुठूनही येवो, सुई आपली नाकासमोर. अप्पांना स्वतःतल्या एका अज्ञात गुणाचा शोध लागत होता. तेवढ्यात एक मोठं पिवळं तरंगतं पिंप डुलत डुलत बाजूने गेलं.

"अहो," बायको म्हणाली, "हे पिंप मघाशीच गेलं होतं ना?"

"एवढ्या मोठ्या तलावात पिंपं पुष्कळ असतात."

थोड्या वेळाने पिंप पुन्हा आलं. त्याच्यावर एक पांढरा पक्षी बसला होता. त्यानंतर आलं तेव्हाही तोच पक्षी होता, आणि आता तो अप्पांकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. बायकोने होकायंत्र उचललं. ती फळीच्या डाव्या टोकाला सरकली. सुई खुर्चीकडे वळली. ती उजव्या टोकाला सरकली. सुई पुन्हा खुर्चीकडे.

"अहो," ती म्हणाली, "ही सुई उत्तर नाही दाखवत. आईला दाखवतेय."

अप्पांनी पाहिलं. लोखंडी सांगाडा आणि पोटभर स्प्रिंगा यांच्यापुढे बिचारी उत्तर दिशा काय टिकाव धरणार? म्हणजे एवढा वेळ अप्पा अत्यंत अचूकपणे, केसभरही न ढळता, सासूबाईंच्या दिशेने चालले होते. आणि सासूबाई बोटीतच असल्यामुळे त्या काही जवळ येत नव्हत्या.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही!" दोघं एकदम ओरडली.

नेमक्या याच वेळी इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते बंद पडलं. अप्पांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. वाकून बघितलं तर खालच्या पंख्याला पाणवनस्पतीचा एवढा मोठा गुंता बसला होता की त्यात पंखा आहे हे सांगावं लागलं असतं. वाकलेल्या अप्पांना एका लाटेने कमरेपर्यंत भिजवलं. बायकोने त्यांचा कोट मागून घट्ट धरला आणि आत ओढलं.

फटफट थांबल्यावर वारा किती मोठा आहे ते पहिल्यांदा ऐकू आलं. इतका वेळ जे सगळं विनोदी नसलं तरी निदान कटकटीचं वाटत होतं, ते एकदम वेगळंच दिसायला लागलं. चारी बाजूंना करडं पाणी, करडं धुकं. बोटीच्या तळाशी पाणी घोट्यापर्यंत आलेलं. अप्पांनी आणखी एकदा दोरी ओढली आणि मग ती सोडून दिली.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे मला," बायको म्हणाली. "मी काय आज लग्न केलंय? बसा इथे माझ्याजवळ आणि हे झाकण घ्या. उपसा."

ते बसले. उपसू लागले. मग सासूबाई बोलल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, पण त्यात काहीतरी ओलं होतं, आणि ते तलावाचं नव्हतं.

"जावईबापू, एक विचारू? खुर्चीशिवाय जाणार नाही असं मी का म्हटलं होतं?"

"तुम्हाला तिच्यावर झोप लागते म्हणून!" अप्पा ओरडून म्हणाले.

"झोप मला कुठेही लागते. अहो, ही खुर्ची दारातून निघणार नाही, कोणी नेणार नाही, मग आपोआप माझं जाणं राहील, असं वाटलं होतं मला. धाकटी वाईट नाही. पण तिच्याकडे मला कोणी काही विचारत नाही. तुमच्याकडे निदान भांडायला तरी माणूस आहे." त्यांनी शाल सारखी केली. "आता दोघी मुलींनी ठरवलेलं मोडायचं तर काही कारण हवं ना? म्हणून खुर्ची पुढे केली. तर तुम्ही खुर्चीच उचललीत!"

अप्पांच्या हातातलं झाकण थांबलं. परवाना, हमाल, होकायंत्र, सही, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून त्या पिंपासारखं डुलत गेलं.

"मग आधी बोलायचं ना, आई!" बायको रडवेली होऊन ओरडली.

"बोलले असते. पण हे एवढे उत्साहात होते. मी यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे."

अप्पांनी पुन्हा पाणी उपसायला घेतलं. तेवढ्यात धुक्यातून भोंगा ऐकू आला. मग एक छोटी पांढरी बोट दिसली, आणि तिच्यात उभी राहून कोणीतरी सोनेरी काठाची टोपी जोरजोरात हलवत होतं.

"वाचलो!" अप्पा ओरडले.

"वाचलो!" पलीकडून कप्तान ओरडले.

दोघांनाही दुसऱ्याचं ओरडणं नीट ऐकू गेलं नाही. दोघांनी एकाच वेळी दोर फेकले. कप्तानांचा दोर अप्पांनी आपल्या बोटीला बांधला, अप्पांचा कप्तानांनी त्यांच्या बोटीला. मग दोघंही हात बांधून, आता समोरचे ओढतील म्हणून, एकमेकांकडे कृतज्ञतेने बघत राहिले. पांढरा पक्षी पिंपावर बसून पुन्हा एकदा बाजूने गेला.

"ओढा की!" शेवटी कप्तान म्हणाले.

"तुम्ही ओढा! तुम्ही वाचवायला आलात ना?"

"मी तुम्हाला शोधायला निघालो होतो," कप्तान जरा खाली मान घालून म्हणाले. "धाकटीने घरात बसू दिलं नाही. पण वाऱ्यात दिशा चुकली, फेऱ्या मारता मारता पेट्रोल संपलं. मला वाटलं तुम्ही मला शोधायला आलात."

दोघांचे चेहरे एकदम पडले. वाऱ्यात उभ्या असलेल्या दोन निवृत्त माणसांचा अपमान एकाच वेळी झाला, आणि तो कोणी केला हे सांगता येत नव्हतं. त्यातून काही तात्त्विक वाद निघायच्या आत बायको उठली.

"यांच्याकडे पेट्रोल आहे, पंखा अडकलाय. तुमच्याकडे पंखा आहे, पेट्रोल नाही," ती म्हणाली. "तो पेट्रोलचा डबा इकडे द्या."

पेट्रोलचा डबा दोराला बांधून एका बोटीतून दुसऱ्या बोटीत गेला. कप्तानांचं इंजिन सुरू झालं. आता कुठे जायचं यावर दोघांनी दोन दिशा दाखवल्या. होकायंत्र कप्तानांच्या बोटीत नेलं तर सुई तिथूनही शक्य तितकी सासूबाईंकडेच झुकत होती, असं अप्पांना वाटलं. शेवटी कप्तान "वाऱ्याच्या वासावरून मला घर कळतं" असं म्हणून निघाले. मागून दोराने बांधलेली अप्पांची बोट, तिच्यात खुर्ची, खुर्चीत सासूबाई. त्या आता जवळजवळ मजेत होत्या.

संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा काठ दिसला. कप्तानांनी टोपी नीट केली. "हे आमचं गाव," ते म्हणाले. "तो बघा आमचा धक्का. ती कचेरी. तो दिव्याचा खांब मीच मागणी करून लावून घेतलाय."

खांबाखाली कोणीतरी छत्री घेऊन उभं होतं.

"आलात?" पोस्टमास्तर म्हणाले. "मी म्हटलंच होतं, पहाटे निघा."

कप्तान खांबाकडे बघत राहिले. मग पोस्टमास्तरांकडे. मग अप्पांकडे. अप्पांच्या मनात त्या क्षणी बोलायला निदान पाच वाक्यं तयार होती, आणि सगळी चांगली होती. पण कप्तानांच्या टोपीतून पाणी त्यांच्या नाकावर गळत होतं, आणि ते आपली बायको घरी काळजी करत असेल एवढंच पुटपुटत होते.

"चला," अप्पा म्हणाले. "फोन करू तिला. आधी कपडे बदला."

घरी खुर्ची जिन्यातून वर नेताना एजंटला, पोस्टमास्तरांना आणि दोन्ही साडूंना हात लावावा लागला. छत्री प्रत्येक वळणावर कोणाच्या ना कोणाच्या पोटात घुसली. कप्तान अप्पांचा पायजमा घालून बसले. तो त्यांना घोट्याच्या बराच वर येत होता. धाकटीशी बोलताना ते म्हणाले की सगळे सुखरूप आहेत, पण नक्की कुठे आहेत ते भेटल्यावर सांगतो. सासूबाई ओल्या खुर्चीवर जाडसर चादर घालून बसल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या.

सकाळी अप्पांना जाग आली तेव्हा वारा पडलेला होता. ते खिडकीशी गेले. तलाव आरशासारखा पसरला होता. लांबवर पलीकडचा काठ, कधी नव्हे ती त्यावरची घरंसुद्धा, स्वच्छ दिसत होती. झाडाला उरलेलं एकही पान हलत नव्हतं. मागून कप्तान चहाचा कप घेऊन आले. बोटीच्या लायक असा दिवस उजाडलेला पाहून त्यांचा चेहरा सवयीने उजळला.

"अप्पा! याहून चांगली हवा मिळायची नाही. आईंना आत्ता नेलं तर जेवायच्या वेळेला..."

ते थांबले, कारण स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती. बायको दारात आली होती. खुर्चीत सासूबाई जाग्या होत्या. त्यांना ऐकू गेलं होतं की नाही कोण जाणे, पण त्या दोघांच्या तोंडांकडे पाळीपाळीने बघत होत्या. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते.

अप्पांनी तलावाकडे पाहिलं. बराच वेळ, अगदी डोळे बारीक करून पाहिलं.

"वारा आहे," ते म्हणाले.

"कुठे आहे?"

"सुटेल. मला अंदाज आहे. पाणीपुरवठ्यात होतो मी."

कप्तानांनी आधी त्या आरशाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि मग पुन्हा खिडकीबाहेर. त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं.

"बरोबर आहे तुमचं," ते शेवटी गंभीरपणे म्हणाले. "लक्षणं मुळीच चांगली नाहीत. हिवाळाभर असंच राहील असं दिसतंय."